नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

रविवारी दुपारी बाळाचा बाप्तिस्मा होता आणि रविवार उजाडला तरी बाळाला नाव नव्हतं. म्हणजे नावं पुष्कळ होती. हिलरीच्या मनात रूथ होतं. तिच्या सासूच्या, नेली लम्बच्या मनात मार्गारेट होतं. डेरेकच्या मनात बायको आणि आई या दोघींपैकी जी जवळ उभी असेल तिच्या आवडीचं नाव होतं. आणि हिलरीचा बाप विल्फ पॉगसन याच्या मनात तर नामकरण केव्हाच उरकलं होतं. नातीचं नाव पॉगसन.

आडनाव नव्हे, नाव. आडनाव बापाचं लम्ब राहणारच होतं. आईच्या माहेरचं आडनाव मुलाला नाव म्हणून लावायची चाल आमच्या थॉर्नडेन खोऱ्यात जुनी आहे, तिचं कुणाला नवल नाही. डेरेकच्या थोरल्या भावाचं नावच आर्मिटेज, कारण नेली माहेरची आर्मिटेज. वाण्याचा मुलगा ग्रीनवुड शॉ, त्याच्या समोर राहणारा शॉ ग्रीनवुड, आणि पोस्टमन दोघांनाही वैतागलेला. तेव्हा विल्फचं मागणं काही जगावेगळं नव्हतं. अडचण त्या एका आडनावातच होती, आणि ती काय होती हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. एकट्या विल्फला सोडून.

"मुलगी आहे ती, बाबा," हिलरी सँडविचच्या पावाला लोणी लावत म्हणाली. "मुलीच्या नावाच्या शेवटी 'सन' कसं शोभेल? अमक्याचा मुलगा, असा अर्थ होतो त्याचा."

"अ‍ॅलिसन कोण असते? मुलगीच ना? तुझ्या वर्गातच होती एक. तिच्या आईला कुणी नाही विचारलं."

"ते वेगळं."

"कसं वेगळं ते सांग."

हिलरीनं एडना आत्याकडे पाहिलं. एडना ही विल्फची थोरली बहीण. लग्न करून ती क्रॉदर झाली होती, आता विधवा होती, आणि आज बाळाची धर्ममाता व्हायची होती. ती हॅमचे काप ताटात मांडत होती. एकदा मांडलेले काप तिनं उचलून पुन्हा मांडायला घेतले.

"माझ्यामागं हे नाव लावणार कोण?" विल्फ म्हणाला. "भाऊ लढाईत गेला. कॅनडातल्या चुलतभावाला सगळ्या मुलीच. खोऱ्यात नाव आहे, नाही असं नाही. चढावरच्या वळणाला आहे. बसथांब्याला आहे, कंडक्टर रोज ओरडतो, पॉगसन, कोण उतरतंय म्हणून. मेंढपाळ हॉइलच्या मेंढ्यालासुद्धा आहे. नाही ते फक्त माणसाला. मी गेलो की नाव त्या मेंढ्याकडे जाणार."

"मेंढा तरी किती दिवस जगतोय," एडना म्हणाली. तिला खरं तर धीर द्यायचा होता.

"हसा," विल्फ म्हणाला, पण त्याला वाईट वाटलं होतं. बायको, मेबल, गेल्यापासून तो रागवायचा नाही, नुसता खिडकीबाहेर बघायचा. आताही तो खिडकीबाहेर बघू लागला. सांगावं का याला, असं एडनाच्या मनात आलं. ते तिच्या मनात लहानपणापासून येत होतं.

आमच्याकडे कुणी काम अर्धवट टाकलं आणि वर झालं झालं म्हणून सांगितलं, की त्यानं पॉगसन केलं असं म्हणतात. खिडकीची एक काच पुसायची राहिली, पॉगसन केलं. एका गालाची दाढी राहिली, पॉगसन केलं. याचं मूळ म्हणजे विल्फचा आजोबा ईनक पॉगसन. त्यानं दफनभूमीला दगडी भिंत घालायचं काम घेतलं, तीन बाजू अगदी चोख बांधल्या, पुरं झालं म्हणून हात झाडले आणि समुद्रकिनारी हवा खायला निघून गेला. चौथ्या बाजूनं गाई आत आल्या, त्या नेमक्या गिरणीमालकाच्या अंत्यविधीला. पाद्री प्रार्थना म्हणत होता आणि एक गाय पुष्पचक्र खात होती. ती बाजू पुढे दुसऱ्या कुणी बांधली, पण शब्द रुजला तो रुजलाच.

विल्फ शाळेत जायला लागला तेव्हा घरी विचारत आला, आई, पॉगसन काम म्हणजे काय गं. आई कणीक मळत होती. म्हणजे पक्कं काम, बाळा, असं तिनं सांगून टाकलं. पोर रडू नये म्हणून आईनं मारलेली ती एक थाप, पण विल्फनं ती जन्मभर खरी मानली. मोठेपणी तो सुतार झाला आणि असा सुतार झाला, की त्यानं बसवलेलं दार कुठल्याही हवेत कुरकुरत नाही. एवढ्यावर थांबता तर ठीक होतं. पण त्यानं व्हॅन घेतली आणि तिच्या दोन्ही अंगांना हिरव्या अक्षरांत रंगवून घेतलं: विल्फ पॉगसन, सुतार. एकदम पॉगसन काम.

पलीकडच्या खोऱ्यातून लोक ती व्हॅन बघायला यायचे. विल्फ त्यांना हात करायचा.

कुणी त्याला काही बोललं नाही. एक तर तो भला माणूस होता. दुसरं म्हणजे थॉर्नडेनमध्ये दारं बसवणारा दुसरा कुणी नव्हता.

अकराच्या सुमाराला विहीणबाई आल्या. नेली लम्बच्या हातात केकचा डबा होता आणि मागून डेरेक छत्र्या, फुलं आणि आईची पर्स घेऊन येत होता. डब्यात हिलरी-डेरेकच्या लग्नाच्या केकचा वरचा थर होता. हा थर आमच्याकडे पहिल्या बाळासाठी राखून ठेवतात. बाळानं यायला वेळ लावला, तोवर तो केक नेलीच्या कपाटात बसून ब्रँडी पीत होता आणि आता त्याचा वास दारातूनच यायला लागला होता.

"काय मग, ठरलं? मार्गारेट ना?" नेलीनं हातमोजे काढता काढता विचारलं.

"पॉगसन," विल्फ म्हणाला.

"तुमचं आपलं काहीतरीच, मिस्टर पॉगसन."

"काहीतरीच का म्हणून? तुम्ही तुमच्या थोरल्याचं नाव आर्मिटेज ठेवलंत ते चाललं."

"आर्मिटेज हे घरंदाज नाव आहे."

एडनानं आज गप्प बसायचं ठरवलं होतं. हिलरीच्या लग्नातल्या ट्रायफल-पुडिंगच्या प्रकरणापासून ती आणि नेली एकमेकींशी जपूनच बोलत. पण 'घरंदाज' हा शब्द तिला झोंबला.

"घरंदाज तर खरंच," ती हॅमकडे बघत म्हणाली. "माझा नवरा हर्बर्ट सांगायचा, कुठल्याही स्टेशनवरच्या मुतारीत जा, भांड्यावर ठळक अक्षरांत हेच नाव. बसलेल्याला बसल्याजागी, उभ्याला समोर."

"ते कारखान्याचं नाव आहे, आमचा काही संबंध नाही," नेली म्हणाली. तिचा गळा लाल व्हायला लागला होता.

"सैन्यात दादाला त्याच्यावरून काय काय हाका मारायचे," डेरेक म्हणाला. "साखळी ओढ म्हणायचे त्याला." मग आपण हे मोठ्यानं बोललो हे त्याच्या लक्षात आलं. "आई, केक कुठं ठेवू?"

"तू मुलगा कुणाचा आहेस?"

"आई, मी नुसतं सांगितलं."

नेली मनानं वाईट नव्हती. पण आपल्या पोटच्या पोरानं सगळ्यांदेखत आपल्याला मुतारीत उभं करावं, हे तिला सोसलं नाही. तिनं केकचा डबा टेबलावर आदळला.

"निदान आर्मिटेज म्हटल्यावर लोक काम पुरं करून बाहेर पडतात," ती म्हणाली. "पॉगसन म्हटल्यावर काय करतात ते विचारा तुमच्या बहिणीला."

शेगडीवर किटली शिट्टी घालत होती, ती काढायला कुणी उठलं नाही.

"काय करतात?" विल्फनं विचारलं. "एडना? काय करतात?"

एडनानं हिलरीकडे पाहिलं. हिलरीला कळलं की हे आता आपल्यालाच करायचं आहे. तिनं किटली उतरवली, हात पुसले, आणि बापाच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"बाबा, पॉगसन काम म्हणजे पक्कं काम नव्हे. अर्धवट काम. ईनक पणजोबांच्या त्या भिंतीवरून पडलंय ते."

"कोण म्हणतं असं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे सगळे, बाबा."

विल्फनं थोडा विचार केला. "तूसुद्धा?"

"मला म्हणायचे. शाळेत एक गणित चुकलं तर नाही, पण एक राहिलं तर वर्गभर पॉगसन पॉगसन चालायचं. पुढं कचेरीत तेच. मला डेरेक आवडला म्हणून मी लग्न केलं, पण लम्ब व्हायला मिळणार याचाही आनंद झाला होता." शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे तिला ते बोलून झाल्यावर समजलं.

विल्फ उठला, टोपी घातली आणि मागच्या दारानं परसात गेला. जाताना त्यानं दार लावून घेतलं. ते त्यानंच बसवलेलं होतं, त्यामुळे आवाज झाला नाही.

त्याच्यामागे कुणीतरी जायला हवं होतं. तिघी बायकांनी डेरेककडे पाहिलं.

डेरेक लम्बला सांत्वन करता येत नाही. तो नगरपालिकेच्या पाणीखात्यात आहे आणि त्याचा माणसांपेक्षा नळांशी संबंध जास्त. सासरा परसातल्या उलट्या बादलीवर बसलेला पाहून तो थोडा वेळ रुबार्बच्या वाफ्यापाशी उभा राहिला आणि पानं बघत असल्यासारखं करू लागला.

"व्हॅन," विल्फ म्हणाला.

डेरेकनं मान हलवली.

"दोन्ही बाजूंना."

"हो."

"मागच्या दारावरसुद्धा लिहून घेणार होतो. रंगारी म्हणाला, राहू दे, दोन पुरेत."

"भला माणूस होता."

विल्फ म्हणाला, "मी सभेत उभं राहून सांगितलं होतं. नव्या सभागृहाचं छप्पर मी तुम्हाला एकदम पॉगसन करून देतो. टाळ्या पडल्या."

"दिलंत की करून. गळत नाही अजून."

"टाळ्या फारच वेळ पडत होत्या, डेरेक. तेव्हाच मला वाटायला हवं होतं."

डेरेकच्या पोटातून हसू वर यायला लागलं. ते दाबण्यासाठी त्यानं रुबार्बचा एक देठ उपटला. विल्फचं लक्ष नव्हतं.

"मला हसले त्याचं काही नाही," विल्फ म्हणाला. "दारं तर चांगली बसवली मी. पण पोरगी लग्न होईपर्यंत हे सोसत होती आणि मी तिला सांगायचो, नावाला शोभेल असं वाग. आणि आज तेच त्या चिमुरडीच्या कपाळी मारायला निघालो होतो. आत जा आणि सांग त्यांना. पॉगसन नको. मार्गारेट ठेवा, काय हवं ते ठेवा. हे नाव माझ्याबरोबर संपू दे."

डेरेक आत गेला आणि त्यानं निरोप जसाच्या तसा दिला. हातात रुबार्बचा देठ होता तो सिंकमध्ये ठेवला.

आता घरात जे झालं ते आमच्या खोऱ्यातच व्हावं. सकाळपासून जे नाव कुणाला नको होतं, ते एकाएकी सगळ्यांना हवंसं झालं.

"पॉगसनच ठेवायचं," हिलरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्यामुळे ती चिडली होती. "कोण काय म्हणतं बघतेच मी."

"हो तर, पॉगसनच," नेली म्हणाली. आपण काय करून बसलो हे कळल्यापासून ती उभीच होती. "चांगलं ठसठशीत नाव आहे. मार्गारेट काय, शेंबड्या पोरीचंही असतं."

"तुम्हाला आता पुळका आलाय," एडना म्हणाली. "नकोच ते. रोज हाक ऐकली की त्याला टोचेल. मी त्याला ओळखते."

"मघाशी माझ्यावर उखडलात ते कशासाठी मग?"

"मघाशी त्याला ठाऊक नव्हतं."

"आत्या, मूल माझं आहे," हिलरी म्हणाली.

"नाव माझं आहे," दारातून आवाज आला. विल्फ आत आला होता आणि पायपुसण्यावर बूट पुसत होता. "मी ते देत नाही."

"माझंही होतं ते, बाबा."

"टाकलंस ना? आनंदानं टाकलंस. बरं केलंस, मी काही बोलत नाही."

विल्फचा आवाज मऊ झाला. "आजचा दिवस माझं ऐक. मोठी झाल्यावर तिनं मला विचारायला नको, आजोबा, माझ्या नावाचा अर्थ काय. मला आईसारखी थाप मारता येत नाही."

तेव्हा रूथ मार्गारेट असं ठरलं. हिलरीनं ते एडनाला सांगितलं, कारण बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी नाव धर्ममातेनं उच्चारायचं असतं आणि पाद्री जे बोलेल ते बाळाला चिकटतं. गाडीत बसल्यावर हिलरीच्या मनात पुन्हा चलबिचल झाली आणि ती म्हणाली, नुसतं रूथ ठेवलं तर. नेली म्हणाली, मार्गारेट राहू द्या पण आधी नको. डेरेक म्हणाला, आजीचं म्यूरिएल होतं. मग पुन्हा रूथ मार्गारेट झालं. एडना मागच्या सीटवर ओठ हलवत पाठ करत होती आणि विल्फ तिच्याशेजारी हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत होता. चढावरच्या त्या पॉगसन वळणावर गाडी वळली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

चर्चमध्ये अर्धं गाव आलं होतं. आमच्याकडे बाप्तिस्म्याला निमंत्रण लागत नाही, हॅम आहे एवढं कळलं की पुरतं. पाद्री प्रेंटिस हे तरुण गृहस्थ दूर दक्षिणेकडच्या केंटहून ख्रिसमसला आलेले. त्यांना आमची बोली अजून निम्मी समजत नसे. कुणी काही बोललं की ते मान डोलावून हसत आणि घरी जाऊन बायकोला विचारत. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. बुधवारी मिस्टर पॉगसन मुद्दाम भेटायला आले होते आणि नातीचं नाव पॉगसन ठेवायचं म्हणून अर्धा तास बोलत बसले होते. प्रेंटिस यांना ती कल्पना फार आवडली होती. नंतर काय घडलं ते त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण पाद्र्याला सगळं ठाऊक असतं असं प्रत्येकाला वाटत होतं.

त्यांनी एडनाच्या हातून बाळ घेतलं. बाळानं डोळे उघडून एडनाकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि ती आठी अगदी विल्फची होती.

"या बाळाचं नाव सांगा," पाद्री म्हणाले.

"रूथ," एडना म्हणाली.

आणि तिथे तिची गाडी थांबली. ती आठी बघून तिच्या मनात लहानपणचा विल्फ आला, शाळेतून प्रश्न घेऊन आलेला, आणि पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. मार्जरी की म्यूरिएल की मिल्ड्रेड. तिनं हिलरीकडे पाहिलं. हिलरी बापाकडे बघत होती. बाप स्वतःच्या बुटांकडे बघत होता. पाद्री वाट बघत राहिले. चर्चभर अशी शांतता पसरली, की कुणाच्या तरी पोटातला आवाज मागपर्यंत ऐकू गेला.

पुढच्या बाकावर नेली लम्बला राहवलं नाही. तिनं तरुणपणी गिरणीत मागावर काम केलं होतं. तिथं माग सुरू असताना शेजारणीला काही सांगायचं तर गळा लागतो, आणि तिच्या कुजबुजीला ती सवय जन्माची लागली होती.

"केलं पॉगसन," ती थोरल्या मुलाच्या कानात म्हणाली.

पाद्री प्रेंटिस यांचा चेहरा खुलला. ज्याची वाट बघत होते ते त्यांना ऐकू आलं होतं.

"रूथ पॉगसन," ते खणखणीत आवाजात म्हणाले आणि बाळाच्या डोक्यावर पाणी सोडलं, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो."

बाळ रडू लागलं. झालं ते झालं होतं, पाणी काही परत ओंजळीत येत नाही. मागच्या बाकावर कुणीतरी खोकला आणला, तो बाकाबाकानं पुढे सरकत आला. हॉइल पितापुत्रांनी प्रार्थनेची पुस्तकं तोंडासमोर धरली. थोरल्या आर्मिटेजचे खांदे गदगदत होते. नेलीनं हातमोजा तोंडात कोंबला होता आणि ती हसत होती की रडत होती, हे तिच्या मुलालाही सांगता आलं नसतं. हिलरी दोन्ही करत होती. एडना पुन्हा पुन्हा सांगत होती, मार्गारेट, मार्गारेट म्हणायचं होतं मला. पण आता ते कोण ऐकतं.

विल्फ मात्र वर बघत नव्हता.

सगळं आटोपल्यावर प्रेंटिस त्याच्यापाशी आले. इतकी माणसं डोळे पुसताना त्यांनी या चर्चमध्ये आधी कधी पाहिली नव्हती आणि ते स्वतःही हेलावले होते.

"तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, मिस्टर पॉगसन," ते म्हणाले. "वेगळंच नाव आहे. मला वाटतं, या खोऱ्यात त्याला काही अर्थही आहे. त्या दिवशी विचारायचं राहून गेलं."

दाराकडे निघालेली माणसं जागच्या जागी थांबली. एडनानं डोळे मिटले. डेरेक पुढे झाला आणि बाकावरची प्रार्थनेची पुस्तकं एकावर एक रचू लागला. नेलीनं तोंड उघडलं आणि आयुष्यात प्रथमच काही न बोलता मिटलं.

विल्फनं हिलरीच्या हातून बाळ घेतलं. बाळाचं डोकं अजून ओलं होतं. ते त्यानं आपल्या रुमालानं हळूहळू टिपलं, पुढून, मागून, दोन्ही कानांमागून, एकही थेंब न ठेवता. नंतर त्यानं पाद्र्याकडे पाहिलं.

"आहे ना अर्थ," तो म्हणाला. "अजून संपलेलं नाही, असा."